बारा पौंडी तोफ आणि डोलणारं डेक

‘गोलंदाज’ म्हटलं की आता आपल्याला चेंडूच आठवतो. मुळात तो तोफेचा गोळा डागणारा माणूस. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, असे काही गोलंदाज चांगलेच कात्रीत सापडले. त्यांचं जहाज ‘बेंगाल’, रॉयल इंडियन नेव्हीचं, सिडनीत बांधलेलं, जेमतेम ६५० टनांचं. ‘ओंदिना’ या डच टँकरला ते सोबत करत होतं. समोर आली ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही जपानी जहाजं. दोन्ही दहा हजार टनांवरची, १४० मिलिमीटरच्या तोफांची. बेंगालच्या पुढच्या डेकवर मोठी म्हणावी अशी एकच तोफ होती, ७६ मिलिमीटरची.

७६ आणि १४०, म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. पण गोळ्याचं वजन साधारण व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. बेंगालच्या ‘बारा पौंडी’ तोफेचा गोळा साडेपाच किलोंच्या आसपास, जपान्यांचा ३८ किलोंचा!

मग मोठी तोफ का नाही बसवायची? तोफेच्या धक्क्यानं छोटं जहाज उलटेल, असं अनेकांना वाटतं. हिशेब करून पाहा. साडेपाच किलोंचा गोळा सेकंदाला सुमारे ६८० मीटर वेगानं सुटला, तर ६५० टनांच्या जहाजाला मिळणारा उलटा वेग सेकंदाला फार तर एखादा सेंटिमीटर. जहाजाला हे जाणवतही नाही. जाणवतं ते तोफेखालच्या पत्र्याला. म्हणून नळी मागे सरकते आणि सिलिंडरमधलं द्रव बारीक वाटांतून दाबलं जाऊन तो हिसका थोडा लांबवतं. मोठ्या तोफेची खरी अडचण असते डेकवर उंचावर येणारं वजन, खालची मजबुती आणि दारूगोळ्याची जागा.

त्याहून मोठा वैरी म्हणजे डोलणं. एक जण तोफ डावी-उजवीकडे फिरवतो, दुसरा डोळा दुर्बिणीला लावून नळी वर-खाली करतो; तिसरा ओल्या डेकवर पाय रोवून गोळा हातात धरून उभा. गोळा सुटताना एका अंशाची चूक झाली, तरी तीन किलोमीटरवरच्या लक्ष्याऐवजी तो शेकडो मीटर पुढे किंवा मागे पडतो. जवळ गेलं की गोळ्याची वाट सपाट होते आणि ही चूक बरीच पचते. बेंगालचे कमांडर विल्सन यांनी टँकरला निसटायला सांगून जहाज थेट शत्रूच्या अंगावर घातलं. मला तरी हे धाडस जितकं, तितकंच भूमितीही वाटते.

ओंदिनाही पळाली नाही. तिच्याकडे एकच १०२ मिलिमीटरची तोफ आणि ३२ गोळे. त्या माऱ्यात होकोकू मारूला आग लागली, स्फोट झाला आणि ती बुडाली. निर्णायक गोळा कोणाचा, यावर आजही वाद आहे. पण एवढं अवाढव्य जहाज साडेपाच किंवा चौदा किलोंच्या गोळ्यानं बुडत नसतं. त्याला आतून संपवतो तो त्याचाच साठा, टॉर्पेडो, दारूगोळा, इंधन. गोळा फक्त काडी लावतो.

दारूगोळा संपत आल्यावर बेंगाल निघालं. ओंदिना बुडाली, असं समजून ते दिएगो गार्सिया बेटावर पोचलं. ओंदिनाचे कप्तान लढाईत मारले गेले होते, पण टँकर तरंगत होता. जहाज सोडून बोटींत उतरलेल्या उरल्या खलाशांनी परत चढून, आग विझवून तो आठवड्याभरात ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात नेला.