स्पीड टेस्टला न दिसणारी गळती

‘शंभर एमबीपीएसची लाईन घेतली, तरी ऑनलाइन क्लासमध्ये आवाज तुटतो’ ही तक्रार सांगलीत विश्रामबागला ऐकू येते तशीच साताऱ्यात सदरबझारलाही. स्पीड टेस्टचा आकडा बरोबरच असतो, पण तो सेकंदाला किती डेटा येतो तेवढंच सांगतो. आवाज तुटतो तो पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, उशिरा आलं किंवा आलंच नाही म्हणून.

उशिराला एक नैसर्गिक तळ आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सांगली ते मुंबई जाऊन-येऊन अंदाजे 750 किलोमीटर धरले, तरी जवळपास 4 मिलिसेकंद लागणारच. ‘पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) शून्य करा’ म्हणणाऱ्या बूस्टर ॲपवर एक रुपयाही घालवू नका.

हा उशीर स्वतः ब्राउझरमधून मोजता येतो, पण तिथल्या जावास्क्रिप्टला (वेबपानात चालणाऱ्या कोडला) खरा पिंग पाठवता येत नाही. माइक म्यूस यांनी 1983 मध्ये लिहिलेला पिंग हा प्रोग्राम आयसीएमपी (नेटवर्क तपासणीचे संदेश पाठवायची पद्धत) वापरतो आणि ब्राउझर त्याला हात लावू देत नाही. म्हणून सर्व्हरवरची एखादी छोटी फाइल ‘फेच’ने मागवायची, कॅश (साठवलेली जुनी प्रत) बंद ठेवायची आणि आधी-नंतर ‘परफॉर्मन्स डॉट नाऊ’ची वेळ घ्यायची. पहिलं रीडिंग टाकून द्या, त्यात डीएनएस (पत्ता शोधणं), टीसीपी (जोडणी उघडून डेटा पोचवणं) आणि टीएलएसच्या (ती जोडणी सुरक्षित करणं) फेऱ्या मिसळलेल्या असतात. पुढच्या वीस रीडिंगमधून सर्वांत लहान आणि क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा घ्या. सरासरी नको, एकच मोठा आकडा ती बिघडवतो.

पॅकेट लॉस, म्हणजे पॅकेटं हरवण्याची गळती, मात्र असा मोजताच येत नाही, कारण टीसीपी तो लपवतो. हरवलेलं पॅकेट तो गुपचूप पुन्हा पाठवतो. मोठी फाइल उतरत असेल, तर मागून आलेली पॅकेटं ‘मधलं मिळालं नाही’ अशी पोच तीनदा मिळवून देतात आणि दुरुस्ती लगेच होते. आपल्या छोट्या विनंतीमागे दुसरं पॅकेटच नसतं. मग टायमर संपेपर्यंत थांबायचं, आणि लिनक्सवर तो किमान 200 मिलिसेकंदांचा असतो. 22, 21, 23, 238, 22 मिलिसेकंद अशा ओळीतलं 238 बहुधा तेच. बहुधा म्हणायचं, कारण वायफाय किंवा दमलेला मोबाइलही असा झटका देतो.

खरी मोजणी हवी तर वेबआरटीसीचा (ब्राउझरमधून थेट संदेश पाठवायची सोय) डेटा चॅनेल उघडा: ‘ऑर्डर्ड’ फॉल्स (क्रम राखू नको), ‘मॅक्स रीट्रान्समिट्स’ 0 (हरवलेलं पुन्हा पाठवू नको). पलीकडे आलेला संदेश तसाच परत करणारा आपला सर्व्हर लागतो. 64 बाइटचे, क्रमांक घातलेले 200 संदेश दर 50 मिलिसेकंदांनी सोडा, शेवटी 2 सेकंद थांबा. न परतलेले हरवले. सर्व्हरनेही आपल्याकडे आलेले क्रमांक टिपले, तर जाताना हरवले की येताना तेही कळतं. वीसच पाठवले तर एक हरवला की थेट 5 टक्के, त्यावरून काही ठरवू नका. ‘बफर्ड अमाउंट’ (पाठवायचा बाकी डेटा) वाढत असेल, तर संदेश अजून तुमच्याच मशीनमध्ये अडकलेत. टॅब समोरच राहू द्या, मागे गेला की ब्राउझर टायमर सेकंदाला एकवर आणतो.

हीच चाचणी वायफाय सोडून राउटरला थेट लॅन केबल लावून पुन्हा करा. तरीही गळती राहिली, तरच केबलवाल्याला फोन लावा, आणि वेळेसकट आकडे द्या.