टोनिंग कुठं संपतं आणि छेडछाड कुठं सुरू होते

न्यूज फोटो ‘एडिट केलाय’ असं नुसतं म्हटलं तरी लोक तो खोटा ठरवून मोकळे होतात आणि फोटोग्राफर मंडळी चिडून म्हणतात की एडिट तर सगळेच करतात, त्यात काय एवढं. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. टोनिंग म्हणजे फ्रेममध्ये जे आहे त्याचाच उजेड-अंधार, कॉन्ट्रास्ट, रंग सावरणं, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (फिल्मवरचा फोटो कागदावर मोठा करून पाडणारं यंत्र) हात धरून एखादा भाग उजळ ठेवायचे, एखाद्यावर जास्त वेळ उजेड टाकून तो गडद करायचे, तेच आता स्लायडरनं होतं. छेडछाड म्हणजे फ्रेममध्ये नसलेलं आत आणणं नाहीतर असलेलं गायब करणं, मग ते कितीही बारीक असो.

हा फरक समजायला फोटोग्राफर स्टेपान रुडिकची केस बघाच. 2010 ला वर्ल्ड प्रेस फोटो या आंतरराष्ट्रीय न्यूज फोटो स्पर्धेमध्ये कीव्हमधल्या स्ट्रीट फायटिंगवरच्या त्याच्या सिरीजला स्पोर्ट्स फीचर्समध्ये तिसरं बक्षीस मिळालं आणि नंतर ते काढून घेतलं. त्याच्याकडून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यात नोंदली गेलेली मूळ, काहीही न केलेली फाइल मागवली होती. मूळ फोटो रंगीत, आजूबाजूला माणसं उभी, तसा साधाच. फायनल फोटोत त्यातला छोटासा भाग कापून घेतलेला, हाताला पट्टी बांधतायत एवढंच, तेही काळंपांढरं, दाणेदार, कडांना काळोख. हे सगळं चालवून घेतलं बरं का. बाद कशानं झाला, तर हाताच्या मागं कुणाच्या तरी पायाचा तुकडा दिसत होता तो त्यानं पुसला होता.

माझं मत विचाराल तर बघणाऱ्याच्या मनावर त्या क्रॉपनं आणि काळोखानं जो परिणाम केला तो पायाच्या तुकड्यानं कधीच केला नसता, पण तरी मला तो निर्णय पटतो, कारण काळोख जास्त झाला की कमी यावर रात्रभर वाद घालता येतो, पाय तिथं होता की नव्हता यावर नाही. आणि एकदा का ‘बिनमहत्त्वाचं’ पुसायची मुभा दिली की महत्त्वाचं काय हे फोटोग्राफर एकटाच ठरवणार, वाचकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. फोटोग्राफर नार्सिसो कॉन्ट्रेरासचं हेच झालं. सीरियातल्या बंडखोर सैनिकाच्या फोटोत कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता तो त्यानं क्लोन करून, म्हणजे फोटोतलाच दुसरा भाग त्यावर कॉपी करून झाकला. 2014 च्या जानेवारीत एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेनं त्याच्याशी संबंध तोडले, पुलित्झर मिळवणाऱ्या टीममधला माणूस असूनही. त्याचे जवळपास 500 फोटो तपासले, दुसरा एकही बदललेला सापडला नाही, तरीही. एपीच्या नियमात तर फ्लॅशमुळं लाल झालेले डोळे दुरुस्त करायलाही मनाई आहे.

फोटोग्राफर ब्रायन वॉल्स्कीचं प्रकरण सरळ होतं. 2003 ला इराकमधल्या बसराजवळचे दोन फोटो जोडून त्यानं एक दमदार फोटो बनवला, मागं बसलेली तीच माणसं दोनदा दिसली आणि लॉस एंजेलिस टाइम्समधली नोकरी गेली. आपल्याकडे 2015 च्या चेन्नई पुराच्या वेळी केंद्र सरकारच्या प्रसिद्धी विभागानं, पीआयबीनं, पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचा फोटो टाकला, विमानाच्या खिडकीत बाहेरचं दृश्य चिकटवलेलं, नंतर तो काढला आणि दोन फोटो एकत्र केल्याचं सांगितलं. असल्या गोष्टींवर फार बोलायची गरज नाही, त्या उघड छेडछाड आहेत.

खरी अडचण येते ती नुसत्या टोनिंगनं खोटं बोललं जातं तेव्हा. जून 1994, खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या ओ. जे. सिम्पसन या अमेरिकन फुटबॉलपटूचा पोलिसांनी काढलेला फोटो टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही अमेरिकी साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात कव्हरवर छापला. न्यूजवीकनं होता तसा, टाइमनं चेहरा गडद करून. काही जोडलं नाही, कुणाला पुसलं नाही, पण स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी शेजारी होते आणि काळा माणूस आणखी काळा आणि भीतिदायक केलाय हे कुणालाही दिसत होतं. त्यामुळं ‘मी फक्त टोन केलं’ हे वाक्य मला कधीच पुरेसं वाटत नाही. स्लायडर कुठं थांबवायचा याचं उत्तर तिथं उभ्या असलेल्या माणसाला जे दिसलं त्यातच शोधावं लागतं.

उलटं पण होतं. फोटोग्राफर पॉल हॅन्सनच्या गाझामधल्या अंत्ययात्रेच्या फोटोवर, ज्याला 2013 ला वर्ल्ड प्रेसचा मोठा पुरस्कार मिळाला, फोटो जोडल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी रॉ फाइल तपासली, जोडकाम नव्हतं, ठिकठिकाणी टोनिंग होतं. म्हणजे टोनिंग इतकं चढवलं की खरा फोटोही खोटा वाटायला लागला, आणि त्या फोटोत ज्यांचे मृतदेह आहेत त्या दोन लहान मुलांबद्दल मला याचं फार वाईट वाटतं.

आता हे तपासणारे डोळेच कमी होत चाललेत. 2013 ला शिकागो सन-टाइम्सनं सगळे 28 फुलटाइम फोटोग्राफर एका दिवसात काढून टाकले आणि रिपोर्टरांना आयफोननं फोटो काढायचं ट्रेनिंग दिलं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं 2015 ला फ्रीलान्सरांना सांगितलं की रॉवरून प्रोसेस केलेला फोटो नको, कॅमेऱ्यातून निघालेला जेपेगच द्या. त्यात एआय आलं. मे 2023 मध्ये दिल्लीत आंदोलन करताना ताब्यात घेतलेल्या कुस्तीपटूंचा बसमधला सेल्फी, त्यात गंभीर असलेल्या विनेश आणि संगीता फोगाटच्या चेहऱ्यावर एआयनं हसू चिकटवून तो फिरवला. फ्रेम तीच, माणसं तीच, फक्त ओठ बदलले आणि अख्खी बातमी उलटी झाली.

तालुक्याच्या स्ट्रिंगरचा (पगारावर नसलेला स्थानिक बातमीदार) फोटो डेस्कवर बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपनंच येतो, त्यात फाइल दाबली जाते आणि वेळ, कॅमेरा वगैरे आतली माहिती गळून पडते. त्याच्याकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायचा आणि त्याच्या आधीची-नंतरची फ्रेमही सोबत मागायची. खऱ्या फोटोग्राफरकडे त्या असतात, आणि सहसा तो त्या आनंदानं देतो.