गाडी शिकताना डावा पाय काय शिकतो?

मराठवाड्यात चारचाकी शिकायला बसणारा माणूस सहसा कोऱ्या पाटीने येत नाही. त्याचा डावा हात मोटारसायकलच्या क्लचवर तयार झालेला असतो, आणि घरी शेती असेल तर डावा पाय ट्रॅक्टरच्या क्लचवर. दोन्ही सवयी आपापल्या जागी बरोबरच आहेत. कारमध्ये आल्या की मात्र त्याच सवयी क्लच प्लेट खातात. शिकवणारा फक्त म्हणतो, "हळू सोड." हळू म्हणजे कुठून कुठपर्यंत, आणि का, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी मोटारसायकल घेऊ. तिच्या क्लचमध्ये लहान लहान अनेक प्लेटा असतात आणि बहुतेक गाड्यांत त्या इंजिन ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीच्या गर्दीत अर्धा क्लच धरून इंच इंच पुढे सरकलं, तरी घासण्याची उष्णता ते ऑइल उचलून नेतं. कारचा क्लच कोरडा असतो. इंजिनासोबत फिरणारं जड फ्लायव्हील, त्याला चिकटून एकच प्लेट, आणि तिला मागून स्प्रिंगच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की हा दाब सुटतो आणि इंजिन व चाकं वेगळी होतात. पेडल पूर्ण सोडलं की तिन्ही एक होऊन फिरतात. या दोन टोकांना प्लेट घासत नाही. झीज होते ती मधल्या पट्ट्यात, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो.

हा मधला पट्टा टाळता येत नाही. इंजिन मिनिटाला हजारभर फेरे घेत असतं आणि चाक थांबलेलं असतं. ती तफावत कुठेतरी घासूनच मिटणार. प्रश्न फक्त किती वेळ, एवढाच. इथे थोडं गणित करू. चार माणसं बसलेली छोटी कार साधारण 1,100 किलोची धरू. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये ती ताशी 10 किलोमीटरला आली आणि तिथे क्लच पूर्ण जुळला, तर गाडीला सुमारे 4,200 ज्यूल गतिज ऊर्जा मिळते. तेवढ्या वेळात इंजिनाची गती एकसारखी ठेवली असेल, तर जवळपास तेवढीच ऊर्जा प्लेटमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे निम्मी गाडीला, निम्मी प्लेटला. कितीही सफाईने गाडी उचलली तरी यातून सुटका नाही. रेस देऊन इंजिन दुप्पट फिरवलं आणि मग क्लच सोडला, तर गाडी ताशी 20 ला आल्यावरच तो जुळणार, आणि उष्णता होणार चौपट. गाडी बंद पडेल या भीतीने नवशिके नेमकं हेच करतात.

आता चढ. सुट्टीच्या दिवशी दौलताबादहून खुलताबादकडे जाताना किंवा कन्नडच्या औट्रम घाटात गाड्यांच्या रांगेत अडकलं, की अनेकजण हँडब्रेकला हातच लावत नाहीत. अर्ध्या क्लचवर थोडी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरतात, आणि त्याला कौशल्यही समजतात. दहा मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर आपल्या या कारला मागे ओढणारं बल साधारण 1,080 न्यूटन असतं. इंजिन वर सपाटीच्या गणितात धरलेल्याच गतीने फिरत असेल, तर प्लेटमध्ये दर सेकंदाला सुमारे 3,000 ज्यूल उष्णता तयार होते. बाथरूममधला 3 किलोवॉटचा गिझर एवढीच उष्णता देतो, फक्त इथे ती नेणारं पाणी नाही. असं अर्धा मिनिट तोलणं म्हणजे सपाटीवर वीसपेक्षा जास्त वेळा गाडी उचलण्याइतका मार, तोही एका दमात.

त्यानंतरचा जळका वास घाटात सगळ्यांना ओळखीचा आहे. प्लेटच्या अस्तरातले धागे रेझिनने, म्हणजे एका चिकट बांधणीने, बांधलेले असतात. फार तापलं की रेझिन बिघडतं, पृष्ठभाग गुळगुळीत चकाकतो आणि पकड कमी होते. पकड कमी झाली की प्लेट जास्त घसरते, जास्त घसरली की आणखी तापते. गॅरेजमध्ये उतरवलेली अशी प्लेट हातात घेऊन बघावी: अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं, आणि समोरच्या फ्लायव्हीलवर निळसर डाग. लोखंड तिथे किती तापलं होतं, ते तो निळा रंग सांगतो.

म्हणून चढावर थांबलं की हँडब्रेक, न्यूट्रल आणि पाय खाली. निघताना पहिला गिअर, क्लच पकडेपर्यंत सोडायचा, गाडीचं नाक किंचित उचललेलं जाणवलं की हँडब्रेक सैल. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 15 व्या नियमातही परीक्षार्थीला तीव्र चढावर थांबून, गाडी मागे न जाऊ देता पुन्हा निघता आलं पाहिजे, असं लिहिलं आहे. सपाट मैदानावर आठचा आकडा काढून हे कौशल्य येणार नाही, त्यासाठी चढच लागतो.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. डबल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकांची ताकद तुटते, पण पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं चालवणारा मागचा दांडा, फिरत राहतो. पूर्ण दाबलं की तोही थांबतो. रोटाव्हेटर चालू ठेवून ट्रॅक्टर थांबवणाऱ्याचा पाय अर्ध्यावर थांबायला शिकलेला असतो. तोच पाय कारमध्ये अर्ध्यावर थांबला, तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो आणि सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांची गती सारखी करणाऱ्या कड्या, झिजतात. अशा शिकणाऱ्याला "हळू" पेक्षा "तळापर्यंत दाब" हे आधी सांगायला हवं.

पाय हे शिकतो कसा? मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी 1967 मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत प्रत्येक कृती विचार करून होते, दुसरीत चुका कमी होत जातात, तिसरीत कृती आपोआप होते. अडचण अशी, की चुकीची सवयही याच वाटेने आपोआप होते. स्नायूंमधले संवेदक घोट्याचा कोन आणि ताण मेंदूला कळवतात, आणि लहान मेंदू अपेक्षित व प्रत्यक्ष यातली तफावत पाहून पुढची हालचाल सुधारतो. म्हणूनच मोकळ्या सपाट जागी रेस अजिबात न देता, फक्त क्लचवर गाडी हलवण्याचा सराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इंजिन संथ असतं, उष्णता कमी होते, आणि पकड सुरू होण्याची जागा पायाला स्वच्छ कळते. गाडी बंद पडली तर पडू द्यावी. ती तफावतच मेंदूला हवी असते. शिकवणारा आपल्या बाजूच्या जोडपेडलने दरवेळी सांभाळून घेत राहिला, तर चूक विद्यार्थ्याच्या पायापर्यंत पोचतच नाही.

पकडीच्या त्या पट्ट्यात टाच जमिनीवर टेकलेली असावी, म्हणजे बारीक हालचाल घोट्यातून होते. अधांतरी पायाला ती मांडीतून करावी लागते. ज्यांची टाच टेकत नाही त्यांनी सीट पुढे घ्यावी. सैल चप्पल घालून गाडी चालवू नये, ती पेडलखाली अडकते.

गिअर पडला की पाय पेडलवरून बाजूला. नुसता टेकवलेला पायही लिव्हरमुळे आत कितीतरी पट जोराने पोचतो. पेडलचा जोर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगपर्यंत पोचवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो आणि प्लेटवरचा दाब ढिला होतो. जालना रोडच्या सिग्नलवर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबणाऱ्यांचंही बेअरिंग असंच झिजतं.

राहिला उतार, आणि त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पेट्रोल वाचेल म्हणून घाट उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आजही आहेत. इंधन इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली, की काही क्षणांत इंधन बंदच होतं आणि चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. शिवाय इंजिनाची अडवणूक गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की त्यांची पकडही कमी होते. त्याच 15 व्या नियमात उतारावर झटपट खालचा गिअर टाकता यावा, असंही म्हटलं आहे. औट्रम घाट चाळीसगावकडे उतरताना खालचा गिअर वरच, वळणं सुरू होण्याआधी टाकावा, क्लच पूर्ण सोडावा आणि डावा पाय खाली ठेवावा.