चित्रातला नॉब आणि खरं बोट

मोबाईलवर संगीत करायची ॲप्स उघडली की बऱ्याच ॲप्सच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिसतात. चित्रातले. त्यांनी काहीही धरून ठेवलेलं नसतं, ते फिरतही नाहीत, तरी कुणीतरी बसून त्यांची सावलीसुद्धा काढलेली असते. 'आवाज चांगला हवा, दिसण्याचं काय घेऊन बसलात' असं म्हणणाऱ्यांना हे निव्वळ चोचले वाटतात, आणि निम्मं त्यांचं बरोबर आहे. पण खरं वाद्य मांडीवर घेतलं की दांडीवरचा पडदा कुठे आहे, तार किती ओढली, हे हाताला न बघता कळतं. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. हाताचं ते काम डोळ्यांवर येऊन पडतं. त्यामुळे या ॲप्समध्ये दिसण्याला किती महत्त्व, हा प्रश्न मला तरी आधी बोटांचा वाटतो. आणि त्याची सुरुवात मोबाईलच्या बरीच आधी झाली.

स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने 1997 मध्ये कॉम्प्युटरसाठी 'रीबर्थ' काढलं. रोलँड कंपनीचं टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि टीआर-808 हे ड्रम मशीन त्यात होतं, 909 हे दुसरं ड्रम मशीन पुढच्या आवृत्तीत आलं. ही यंत्रं 80च्या दशकाच्या सुरुवातीची. बाजारात फारशी चालली नाहीत, बंद पडली, मग शिकागो आणि डेट्रॉइटच्या पोरांनी ती सेकंडहँड स्वस्तात उचलून हाऊस आणि टेक्नो हे नाचाच्या संगीताचे प्रकार उभे केले आणि त्यांचे भाव कुठच्या कुठे गेले. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांना रीबर्थने आवाजाबरोबर पॅनेलही दिलं, तेच नॉब, त्याच सोळा बटणांच्या ओळी. गंमत म्हणजे लोकांनी या पॅनेलवर स्वतःची चित्रं चढवायला सुरुवात केली, आतले ड्रमचे आवाजही बदलले, आणि कंपनीने चिडण्याऐवजी या खटाटोपाला आपलं म्हटलं. 2000 साली आलेल्या, त्याच कंपनीच्या 'रीझन'मध्ये तर कीबोर्डवरचं टॅब दाबलं की यंत्रांचा अख्खा रॅक पाठमोरा व्हायचा आणि मागच्या केबल्स हेलकावे खायच्या. त्या हेलकाव्यांनी आवाजात काडीचा फरक पडत नव्हता. कुठली केबल कुठून कुठे जाते हे मात्र एका नजरेत कळायचं, आणि ते शिकवायला एरवी पुस्तक लागलं असतं.

हा सगळा माऊसचा जमाना. बोट स्क्रीनवर आलं ते आयफोनमुळे, आणि जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर उघडल्यावर पहिल्या काही महिन्यांत आलेल्या दोन ॲप्सनी जुन्या यंत्रांची नक्कल केलीच नाही. ब्रायन ईनो आणि पीटर चिल्व्हर्स या संगीतकारांच्या 'ब्लूम'मध्ये पडद्यावर बोट टेकवलं की रंगीत वर्तुळ उमलतं, सूर वाजतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येत राहतो. खालचा सूर खाली, वरचा वर. बस, एवढंच व्याकरण. दुसरं 'ओकारिना', स्टॅनफर्डच्या गे वांग यांच्या स्म्यूल कंपनीचं. त्यात फोनच्या माईकवर फुंकर मारायची आणि चार भोकांच्या चित्रांवर बोटं ठेवायची. दुसऱ्या पानावर पृथ्वीचा गोल, त्यावर ज्या ठिकाणी कुणी वाजवलं तिथून प्रकाश उसळताना दिसायचा. भोकं चारच ठेवली कारण त्या पडद्यावर बोटं मावतात तेवढीच. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात शहाणा निर्णय अगदी सुरुवातीलाच होऊन गेला.

मग एप्रिल 2010 मध्ये आयपॅड आला, जागा वाढली आणि सगळे पुन्हा नकलेकडे वळले. कोर्ग कंपनीने त्याच महिन्यात 'आय-इलेक्ट्राइब' आणलं आणि नोव्हेंबरात 'आय-एमएस-20'. मूळ एमएस-20 हा 1978 चा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, उभ्या पॅनेलवर नॉबची दाटी आणि उजवीकडे केबल खोचायची भोकं. ते सगळं 9.7 इंचांच्या काचेवर काढलं. रीबर्थही त्याच वर्षी आयफोन-आयपॅडवर आलं. मार्च 2011 मध्ये ॲपलने आयपॅडसाठी गॅरेजबँड जाहीर केलं, लाकडी पोताचं, पियानोच्या पट्ट्यांसकट. आयपॅडच्या काचेला दाब कळत नव्हता, म्हणून पट्टी हळू दाबली की जोरात हे ओळखायला त्यांनी फोन-टॅबलेट कलला-हलला हे सांगणारा सेन्सर कामाला लावला: बोट आपटल्यावर अख्खा आयपॅड किंचित हादरतो, त्यावरून अंदाज. दिसणं आणि लागणं यातली फट बुजवायचा याहून देशी जुगाड मला माहीत नाही, आणि तो कॅलिफोर्नियात झाला.

आता नॉबकडे जरा जवळून बघू. खरा नॉब आपण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो, बघत नाही, वरच्या खाचेवरून कळतं. चित्रातल्या नॉबवर एकच बोट जातं आणि ते नॉबही झाकतं, शेजारचा आकडाही झाकतं. पुढचा घोटाळा म्हणजे फिरवायचं कसं. काही ॲप्समध्ये बोट गोल फिरवायचं असतं, काहींत सरळ वर-खाली ओढायचं. वर-खाली ओढणं हाताला खरंच सोपं, पण चित्र सांगतं 'फिरव' आणि आतला प्रोग्रॅम वाट बघतो वर सरकण्याची. रात्री हेडफोन लावून एका ॲपमध्ये (नाव राहू दे) मी फिल्टरचा (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा) नॉब इमानदारीत गोल फिरवायला गेलो, बोट वर गेलं तेवढ्यात फिल्टर पार टोकाला पोचला आणि कानात अशी किंकाळी बसली की फोन अंथरुणावर फेकला. नंतर लक्षात आलं की चांगल्या ॲप्समध्ये बोट टेकताच आकडा बोटाच्या वर मोठा होऊन उमटतो, आणि बोट नॉबपासून लांब ओढत नेलं तर नॉब सावकाश फिरतो. बोटाने दाबायची जागा किमान 44 पॉइंट बाय 44 पॉइंट (पॉइंट हे स्क्रीनवरचं माप) असावी असं ॲपलच्या नियमावलीत आहे. जुन्या सिंथचा हुबेहूब फोटो फोनवर बसवला की हा नियम पहिल्या फटक्यात मोडतो.

सप्टेंबर 2013 मध्ये आयओएस 7, म्हणजे आयफोन-आयपॅडच्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती, आली. ॲपलचा डिझायनर जॉनी आइव्ह याच्या देखरेखीखाली ॲपलच्या ॲप्समधलं चित्रातलं चामडं, शिवण, लाकडी फळ्या, हिरवं लोकरी कापड सगळं एका रात्रीत गेलं. वहीच्या, कॅलेंडरच्या ॲपला ते ठीक होतं, पण संगीतवाल्यांची पंचाईत झाली. नॉब सपाट केला तर उरतं एक वर्तुळ आणि एक रेघ. गॅरेजबँडचं बाकी रूप बदललं, गिटारचं लाकूड मात्र टिकलं. जानेवारी 2014 च्या 'कोर्ग गॅजेट'ने मधला रस्ता काढला: पंधरा छोटी यंत्रं, नावं शहरांची, ॲसिड बेसच्या, म्हणजे टीबी-303 च्या वळणाच्या आवाजाच्या, यंत्राचं नाव अर्थात शिकागो, आणि प्रत्येकावर मोजकेच, बोटाला सापडतील असे नॉब. कुठल्याही खऱ्या यंत्राची ती नक्कल नाही, तरी यंत्र वाटतं. रीबर्थचा शेवट मात्र वेगळ्याच कारणाने झाला. रोलँडने हक्कांचा मुद्दा काढला आणि 2017 मध्ये प्रॉपेलरहेडने ते ॲप स्टोअरवरून काढून घेतलं.

'सपाट' म्हणजे नकलेतून सुटका, असंही नाही. सूर लिहायची ती आडव्या चौकोनी पट्ट्यांची जाळी बघा. तिला पियानो रोल म्हणतात, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेला कागदाचा गुंडाळा घालत. डावीकडून उजवीकडे सरकणारी ट्रॅकची रेघ ही टेप रेकॉर्डरची. आपल्या गाण्याची या जाळीत फार ओढाताण होते. गंधारावरून षड्जावर न तुटता घसरत येणारी मींड कुठल्या चौकोनात घालणार? त्यावर उतारा म्हणून पियानोची पट्टीच सोडून देणारी ॲप्स आली. 'जिओश्रेड'मध्ये बोट काचेवर घसरवलं की सूर मधल्या सगळ्या जागा घेत घसरतो, आणि महेश राघवन आयपॅडवर त्याच्यातून कर्नाटक संगीत वाजवतो ते याच जोरावर.

मायकल टायसनच्या 'लूपी'ने तर वेळेची रेघच मोडून तिचं वर्तुळ केलं. एक लूप (पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा) म्हणजे एक गोल, काटा फिरत फिरत पुन्हा माथ्यावर आला की पहिली मात्रा. तबला शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तो 'सम' म्हणतो आणि पुढे जातो.

अँड्रॉइडची गोष्ट निराळी, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच फोन. तिथे खरा शत्रू उशीर होता. माझ्या जुन्या फोनवर एका ड्रमच्या ॲपमध्ये पॅडला बोट लागताच पॅड झक्क उजळायचा आणि ठोका मागून यायचा, लग्नात बँडवाल्यांच्या मागे राहिलेल्या झांजवाल्यासारखा. पॅड इतका चपळ उजळला नसता तर उशीर एवढा खुपलाही नसता. 2012 च्या अँड्रॉइड 4.1 पासून गूगलने यावर काम केलं, 2017 च्या अँड्रॉइड 8 मध्ये 'एऑडिओ' ही नवी वाट दिली. तोवर आयफोनवाले खूप पुढे निघून गेले होते.

2015 मध्ये आयओएस 9 ने एका ॲपच्या पोटात दुसरं ॲप प्लगइन म्हणून उघडायची सोय केली, आणि पूर्ण स्क्रीन गृहीत धरून काढलेली देखणी पॅनेलं अचानक अर्ध्या खिडकीत कोंबली गेली. अंध वाजवणाऱ्यांना तर त्याही आधीपासून वेगळाच त्रास. पडद्यावरचं वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आयफोनवर 2009 पासून आहे, पण नॉब निव्वळ चित्र म्हणून काढला आणि त्याला नाव-किंमत जोडली नाही, तर व्हॉइसओव्हरच्या लेखी तिथे काहीच नसतं. गॅरेजबँडमध्ये ही काळजी घेतलेली दिसते. हौसेने रंगवलेल्या कितीतरी ॲप्समध्ये दिसत नाही.

आणि आपल्या गाण्याच्या क्लासातलं ॲप? बंगळुरूच्या राडेलने 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुती पेटी (गाण्यामागे सतत सूर धरणारी) आणली, तिच्या मागोमाग तानपुऱ्याच्या पेट्या घरोघरी पोचल्या, आणि त्या पेटीवरची बटणं तशीच्या तशी फोनवर उतरली. काही ॲप्समध्ये तानपुऱ्याचा फोटोही असतो, मिरजेत घडवल्यासारखा, भोपळ्यासकट. शिकणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग नाही. बाई सांगतात 'काळी चार लाव', म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं. ती बोटांवर मोजत जी-शार्प शोधते, पंचम लावते, लय जरा कमी करते, फोन पालथा ठेवते आणि सा लावते.