१९ बिटांचं कोल्हापूर : किंक आणि गुप्ततेचं गणित

"आपलं शहर लहान, इथे असलं काही जमायचं नाही, मुंबईत गेलं की कोण ओळखतंय!" किंक असलेली माणसं, म्हणजे बांधून घेणं, हुकूम देणं-पाळणं, थोडं दुखवून घेणं यात दोघांच्या राजीखुशीने ज्यांना सुख मिळतं अशी माणसं, हे वाक्य हमखास बोलतात. त्यात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं आहे, आणि नेमकं कुठे चुकतंय ते गणितात इतकं स्वच्छ दिसतं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी आजाराचा मुद्दा मिटवू. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची ११वी यादी मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात फेटिशिझम (एखाद्या वस्तूने किंवा अवयवाने उत्तेजित होणं) आणि सॅडोमॅसोकिझम (दुखवण्यात किंवा दुखवून घेण्यात सुख मिळणं) हे आजार म्हणून उरलेच नाहीत. समोरच्याची संमती नसेल, जीवाला गंभीर धोका असेल किंवा स्वतःलाच खूप त्रास होत असेल तरच डॉक्टर त्याकडे विकार म्हणून बघतात, आणि 'लोक नावं ठेवतील' या भीतीचा त्रास त्यात धरत नाहीत. बेल्जियममध्ये १,०२७ जणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४६.८ टक्के लोकांनी असलं काहीतरी एकदा तरी केलेलं होतं आणि ७.६ टक्के लोक ही आपली ओळखच मानत होते. बेल्जियमचा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येत नाही, पण त्याचा दहावा हिस्सा धरला तरी कोल्हापुरात हजाराच्या वर प्रौढ माणसं निघतात. तरी 'गुप्त विकारावर खात्रीशीर इलाज' म्हणून भिंती रंगवणारे बाबा आणि वैद्य पैसे उकळतातच. अशा जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि जिथे आजारच नाही तिथे इलाज कसला करणार ते त्यांना कुणी विचारत नाही याचा मला खरंच राग येतो.

आता माझ्या आवडीचा भाग. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायची पद्धत दिली. हो किंवा नाही असं उत्तर असलेला एक प्रश्न, ज्याने उरलेली माणसं बरोबर निम्मी होतात, तो म्हणजे एक बिट. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर होतं ५ लाख ४९ हजारांचं. याला निम्मं करत जा, साधारण १९ वेळा केलं की एकच माणूस उरतो, म्हणजे तुम्हाला शोधून काढायला १९ बिट माहिती पुरते. मुंबई १ कोटी २४ लाखांची, तिथे किती लागतील? २४ सुद्धा नाही! म्हणजे शहर बावीस-तेवीसपट मोठं झालं तरी तुमच्या पदरात जेमतेम साडेचार बिट जास्त पडतात, आणि तेवढे तर एका जन्मतारखेत उडून जातात.

करून बघा. स्त्री की पुरुष कळलं, २ लाख ७५ हजार उरले. वाढदिवस कळला, भागिले ३६५, साडेसातशे. जन्मसाल कळलं, दहा-अकरा. राजारामपुरीत राहतो म्हटलं की संपलं. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली हेच अमेरिकेबद्दल दाखवलं होतं, पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर तिथले ८७ टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरू शकतात. आणि सगळी माहिती सारखी महाग नसते, एखादी गोष्ट जितकी दुर्मिळ तितके तिचे बिट जास्त, सूत्र म्हणजे १ भागिले शक्यता, त्याचा २ पायाचा लॉगॅरिदम. 'नोकरी करतो' यात एक-दीड बिट, पण पाचशेत एखादाच करतो असला व्यवसाय सांगितला की एकदम नऊ. आणि मोबाइल नंबर दिला तर एकोणीसच्या एकोणीस एका फटक्यात, कारण ट्रूकॉलरवर नाव येतं. तोच डीपी दोन ठिकाणी वापरला तरी तेच.

पण खरी गंमत पुढे आहे. तुम्हाला ओळखणारा माणूस साडेपाच लाखांतून शोधतच नसतो. तो शोधतो त्याच्या ओळखीच्या, समजा, तीनशे जणांत, आणि तीनशेतून एक काढायला आठ-सव्वाआठ बिट पुरतात. मध्यम शहरात ही तीनशेची वर्तुळं एकमेकांत घुसलेली असतात, शाळा तीच, डॉक्टर तोच, लग्नाचा हॉलपण तोच, त्यामुळे समोर बसलेल्याच्या तीनशेत तुम्ही असण्याची शक्यता मोठी. पुण्याला जाऊन भेटल्याने फायदा होतो तो पुणं मोठं आहे म्हणून होत नाही, तिथल्या माणसाच्या तीनशेत तुम्ही नसता म्हणून होतो. आणि मुंबईत तुमचे निम्मे वर्गमित्र नोकरीला असतील तर मुंबईचा काही उपयोग नाही.

आता अडचण अशी की पूर्ण निनावी माणसावर विश्वास कसा ठेवायचा, आणि इथे तर विश्वासाशिवाय काहीच नाही. म्हणून बिट जपून खर्च करायचे. काय आवडतं, काय अजिबात चालणार नाही, सेफवर्ड (जो उच्चारला की सगळं लगेच थांबवायचं तो शब्द) कुठला, नंतर एकमेकांची काळजी कशी घ्यायची, हे सगळं मनमोकळं बोला, यातून माणूस कळतो पण आधार कार्ड कळत नाही. पुन्हा पुन्हा बोलल्याशिवाय आडनाव, ऑफिस, चेहऱ्याचा फोटो नको. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यातलं लोकेशनपण जाऊ शकतं. मोठ्या शहरांत 'मंच' (व्यासपीठ नव्हे, इंग्रजीतलं munch) होतात, म्हणजे किंक असलेल्यांनी साध्या कपड्यात कॅफेत बसून नुसत्या गप्पा, त्यांचा मोठा उपयोग हा की दोघांनाही ओळखणारं तिसरं कुणीतरी 'हा माणूस बरा आहे' एवढंच सांगतं, नाव न सांगता. विश्वास वाढतो, बिट फुटत नाहीत. सेफवर्ड हसण्यावारी नेणारा किंवा पहिल्याच दिवशी रूमवर बोलावणारा असेल तर तिथूनच उठा. गळा दाबणं तर नकोच, मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते, त्याची कुठलीही सेफ पद्धत नाही, रील्समध्ये काहीही दाखवू देत.

आणि कुणी चॅट किंवा फोटो दाखवून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. तुमची आवड हा गुन्हा नाही, खंडणी मागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, आणि तक्रार देताना आवडीनिवडींचा खुलासा करत बसायची काही गरज नाही, धमकीचा मेसेज, नंबर आणि तारीख एवढं आधी पुढे ठेवा.