मधल्या भावाची जमीन

मराठ्यांच्या इतिहासकाराचं ‘ग्रँट डफ’ हे नाव आपल्याकडे बहुतेक जण एका दमात घेतात. ग्रँट हे नाव आणि डफ हे आडनाव, असा अनेकांचा समज असतो. पण १७८९ साली स्कॉटलंडमधल्या बँफ गावी जन्मलेल्या त्या मुलाचं नाव जेम्स ग्रँट. ग्रँट हे त्याचं आडनाव. कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून तो मुंबईला आला तो जेम्स ग्रँट, आणि १८१८ नंतर साताऱ्याचा कारभार पाहत होता तोही कॅप्टन जेम्स ग्रँटच. ‘डफ’ मागाहून आला, आणि तो जमिनीमुळे आला. वडील जॉन ग्रँट हे किंकार्डिन ओ’नीलचे, तर आई मार्गारेट मिल्न डफ ही ईडनची. हे ईडन बँफजवळ, डेव्हरॉन नदीच्या परिसरात. मायदेशी परतल्यावर, १८२५च्या सुमारास, आईकडची ईडनची इस्टेट जेम्सकडे आली आणि त्याने डफ हे नाव जोडून घेतलं. पुढे १८५०मध्ये त्याच्या पत्नीला तिच्या आजोळची फाइफमधली इस्टेट मिळाली, तेव्हा कनिंगहॅम हे आणखी एक नाव त्यात आलं.

एका माणसाची तीन आडनावं, आणि वडिलांकडचं सोडलं तर बाकीची दोन जमिनीबरोबर आलेली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या या माणसाला पुढे राजवाड्यांच्या पिढीने ‘अस्सल कागद कुठे आहे?’ असं खडसावून विचारलं. तोच प्रश्न त्याच्या घराण्याला विचारला तर उत्तर कुठे मिळेल, याचा शोध घेताना मी स्कॉटिश दप्तरखान्याच्या प्रेमात पडलो. वंशावळ हा भाट-चारणांचा प्रांत आहे असं आपण मानतो. मला तो पुराव्याच्या विज्ञानाचा प्रांत वाटतो. ‘अमुक हा तमुकचा मुलगा’ हे एक गृहीतक आहे. ते तपासता येतं आणि खोटंही ठरवता येतं.

आधी भाटांचं सांगतो. १२४९ साली तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्यारोहणाला एका वृद्ध गेलिक भाटाने राजाची वंशावळ म्हणून दाखवली. स्कॉट लोकांची दंतकथा तर मूळ पार इजिप्तच्या फॅरोच्या स्कोटा नावाच्या मुलीपर्यंत नेते. आपल्याकडे सूर्यापासून आणि चंद्रापासून सुरू होणाऱ्या वंशावळी आहेतच. ऐकायला भव्य, पण एकाही दुव्याला पुरावा नाही. आजची आवृत्ती म्हणजे आडनावावरून ‘तुमच्या कुळाचं मानचिन्ह’ विकणारी दुकानं, आणि चौरस फूटभर जमीन विकून ‘लेअर्ड’ म्हणजे जमीनदार बनवणाऱ्या जाहिराती. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह आडनावाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं. १६७२पासून त्याची सरकारी नोंदवही आहे. आणि असले आठवणीदाखल विकलेले तुकडे तिथल्या जमीन-नोंदणीत घेतच नाहीत. पैसे देणाऱ्याच्या हाती फक्त छापील कागद येतो.

मग खरा कागद कोणता? चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांपैकी सर्वांत जुनी उपलब्ध वही एरल गावची, १५५३ची. पण त्या वह्या जागोजागी फाटक्या आहेत, कित्येक गावांच्या उशिरा सुरू होतात. जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५पासून. १६५०-५१च्या सुमारास क्रॉमवेलच्या फौजेने स्कॉटलंडचं राजदप्तर लंडनला नेलं, आणि १६६०च्या डिसेंबरात ते परत येताना ‘एलिझाबेथ’ नावाचं जहाज बुडालं. त्यात ८५ पिंपं भरून कागद होते. ते कायमचे गेले. इतकं होऊनही जमीनदार घराण्यांचा माग काढता येतो, कारण जमीन माणसाला गप्प बसू देत नाही.

जमीन हाती यायची तर ‘सेझिन’ घ्यावी लागे. शेतात प्रत्यक्ष जाऊन देणाऱ्याच्या प्रतिनिधीने घेणाऱ्याच्या हातात मूठभर माती आणि एक दगड द्यायचा, मासेमारीचा हक्क असेल तर जाळं आणि होडी. नोटरीने ते सगळं लिहून घ्यायचं. या लेखांची देशव्यापी नोंदवही १६१७पासून अखंड आहे. शेतात जायची अट १८४५मध्ये गेली, नोंदवही चालू राहिली.

पण मला खरा लळा लागला तो ‘रिटूर’चा, म्हणजे वारस ठरवणाऱ्या कागदाचा. स्कॉटलंडमध्ये १८६८पर्यंत जमीन मृत्युपत्राने देता येत नव्हती. हयातीत दस्त करून दिला नसेल तर ती कायद्याने वारसाकडेच जाणार. आणि वारस कोण, हे वारसाने म्हणून चालत नसे. त्याने राजाच्या चॅन्सरीतून, म्हणजे हुकूम काढणाऱ्या कचेरीतून, एक हुकूम मिळवायचा. तो शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या न्यायाधीशाच्या, नावे असे. बाजारपेठेतल्या खांबापाशी त्याची जाहीर दवंडी होई. मग आसपासचे पंधरा जण शपथेवर पंच म्हणून बसत आणि ठरलेल्या सात प्रश्नांची उत्तरं देत. मयत माणूस मरताना त्या जमिनीचा कायदेशीर धनी होता का? हा अर्जदार त्याचा सर्वांत जवळचा कायदेशीर वारस आहे का? तो वयात आलेला आहे का? जमिनीचं जुनं मूल्य किती, आताचं किती? ती कोणाकडून धारण केलेली आहे? कोणत्या सेवेच्या बदल्यात? आणि सातवा प्रश्न, सध्या ती कोणाच्या ताब्यात आहे आणि कधीपासून? ही उत्तरं चॅन्सरीत परत जात. रिटूर म्हणजे परत येणं.

सातवा प्रश्न महसुलाचा आहे, पण वंशावळकाराला त्यात सोनं सापडतं. वारस लागेपर्यंत जमीन वरच्या धन्याकडे, म्हणजे ज्याच्याकडून ती धारण केलेली असे त्याच्याकडे, असे, म्हणून ‘अमुक महिन्यात मालक वारला तेव्हापासून’ असं उत्तर येतं. दफनाची वही जळून गेलेली असली तरी मृत्यूचा महिना इथे हाती लागतो.

आता त्याहून सुंदर गोष्ट. आपण वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा फरक करतो. जुना स्कॉटिश कायदाही करत असे. वडिलोपार्जित ती ‘हेरिटेज’, स्वतः मिळवलेली ती ‘कॉन्क्वेस्ट’. तीन भाऊ घ्या: थोरला, मधला, धाकटा. मधला निपुत्रिक वारला. त्याची वडिलोपार्जित जमीन खाली उतरते, म्हणजे धाकट्याकडे जाते. त्याने स्वतः विकत घेतलेली जमीन मात्र वर चढते, म्हणजे थोरल्याकडे जाते. चार भावांतला तिसरा गेला तर वडिलोपार्जित चौथ्याकडे आणि स्वकष्टार्जित दुसऱ्याकडे. पहिल्याचा त्यात काही संबंध नाही. हा नियम १८७४मध्ये रद्द झाला.

याचा अर्थ लक्षात घ्या. एकाच मयताच्या दोन रिटूर सापडल्या, एकीत हेरिटेजचा वारस एक भाऊ आणि दुसरीत कॉन्क्वेस्टचा वारस दुसरा भाऊ, तर बाप्तिस्म्याची एकही नोंद न पाहता आपल्याला सांगता येतं की मयत या दोघांच्या मधोमध होता, पहिला त्याच्या लगतचा धाकटा आणि दुसरा त्याच्या लगतचा थोरला. (मध्ये आणखी कोणी असलाच तर तो आधीच निपुत्रिक वारलेला.) वारसा हक्काच्या नियमातून जन्मक्रम काढायचा, म्हणजे जवळपास भूमितीतला प्रमेय सोडवल्यासारखं आहे. सगळे भाऊ एका बापाचे असतील तर त्यांचं बापाकडून आलेलं वाय गुणसूत्रही एकच, त्यामुळे कोणतीही डीएनए चाचणी थोरला कोण आणि धाकटा कोण हे सांगू शकणार नाही. पंधरा शेजाऱ्यांचा कागद ते सांगतो.

वाचताना एक खाच आहे. जुन्या रिटूर बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. त्यात ‘पात्रूस’ म्हणजे काका आणि ‘आवुंकुलूस’ म्हणजे मामा असे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे इंग्रज वाचक अडखळतो तिथे मराठी वाचक सरळ पुढे जातो. पण ‘नेपोस’ या शब्दापाशी आपणही अडतो. तो नातूही असू शकतो आणि पुतण्या-भाचाही. एका शब्दाने एक पिढी वाढते किंवा कमी होते. अशा वेळी दुसरा कागद लागतो, मृत्यूनंतरची मालमत्ता-यादी किंवा लग्नाचा करार. तिथे एक मोठी सोय आहे. स्कॉटिश कागदांत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, म्हणून आजोळची वाट बंद होत नाही.

रिटूर हीदेखील देववाणी नाही. ती मुळात थोरल्या वारसाचं दप्तर. धाकट्या मुलांची पिढ्यान्‌पिढ्या त्यात गाठ पडत नाही. काही वारस वीस-तीस वर्षं थांबून अर्ज करत. वरच्या धन्याने ‘हा वारस मला स्पष्ट दिसतो’ असं परस्पर लिहून दिलं तर पंच बसतच नसत. म्हणून नोंद नसणं म्हणजे वारस नसणं नव्हे. आणि पंच फसतातही. अलेक्झांडर हंफ्रीज नावाच्या गृहस्थाने स्वतःला स्टर्लिंगच्या अर्लचा वारस म्हणून पंचांकडून मान्य करून घेतलं होतं. त्याचा मुख्य पुरावा म्हणजे गियोम दलील या भूगोलतज्ज्ञाचा १७०३चा कॅनडाचा नकाशा, त्याच्या पाठीवर १७०६-०७च्या तारखांचे हस्तलिखित दाखले. पण नकाशावर दलीलच्या नावापुढे ‘राजाचा पहिला भूगोलतज्ज्ञ’ ही पदवी छापलेली होती, आणि ती त्याला मिळाली १७१८मध्ये. कागद अजून अस्तित्वातच नसताना त्याच्या पाठीवर कोणी कसं लिहील? १८३९च्या एडिंबरोच्या खटल्यात ज्यूरीने कागद बनावट ठरवले. बनावट त्याने केली किंवा त्याला ती ठाऊक होती, हे मात्र सिद्ध झालं नाही.

म्हणूनच वंशावळ प्रत्येक दुव्यागणिक जोखावी लागते. प्रत्येक दुवा ९५ टक्के खात्रीचा असेल आणि दुवे एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दहा पिढ्यांची साखळी अख्खी बरोबर असण्याची शक्यता ०.९५चा दहावा घात, म्हणजे साधारण ६० टक्के. दुवा ९० टक्क्यांचा झाला तर ती ३५ टक्क्यांवर येते. भिंतीवर लावलेल्या झाडाच्या चित्रात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

डीएनए चाचणीचं स्थानही इथे ठरतं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही सहसा तसंच, म्हणून दोन्ही बरोबर चालतात असं गृहीत धरलं जातं. ईडनच्या घराण्यात ते चालत नाहीत. तिथले पुढचे डफ वाय गुणसूत्राने ग्रँट आहेत. त्यांची चाचणी इतर डफांशी जुळली नाही, तर त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही; इस्टेट आईकडून आली, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या गुणसूत्रांची खात्री आणखी विरळ. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आणि त्यातल्या अनेकांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. कागदावर ते पूर्वज पक्के असू शकतात, रक्तात त्यांचा मागमूस नसतो.

ईडनच्या शोधात माझी पुढची पायरी ठरलेली आहे. वारस-नोंदींची १७००पासूनची दर दहा वर्षांची सूची छापील आहे, आणि ॲबर्डीन परगण्याच्या सेझिनांचे गोषवारे १७८१पासून आहेत. १८२०च्या दशकाची सूची उघडायची आणि ईडन ही इस्टेट शोधायची. सूची वारसाच्या आडनावाने लावलेली आहे. त्या दिवशी तो अजून ग्रँट होता की डफ झाला होता, हे माहीत नसल्याने दोन्ही अक्षरांची पानं वाचावी लागतील.