डबेवाल्यांची स्लाइड आता पुरे: समन्वय वेगळा, सहकार्य वेगळं

टीमवर्कचं ट्रेनिंग म्हटलं की मुंबईच्या डबेवाल्यांची स्लाइड येतेच. पांढरी टोपी, डोक्यावर डब्यांची लांब पाटी आणि खाली ‘सहकार्य शिका यांच्याकडून’. डबेवाल्यांबद्दल आदर आहेच, पण ते डबे पोचवतात तो समन्वय. ऑफिसात अडतं ते बहुधा दुसरीकडेच.

समन्वय सगळ्यांनाच कळतो. घरून डबा एक जण उचलतो, स्टेशनवर वाटणी होते, लोकलमधून दुसरा नेतो, पोचवणारा तिसरा. झाकणावरच्या खुणेत स्टेशन, इमारत, मजला सगळं असतं, त्यामुळे विचारावं काही लागत नाही. विचारावं लागलं तर कुठेतरी चुकलंय. साधारण १८९० पासून ही व्यवस्था चालू आहे. (गटात कमाई सारखी वाटली जाते, कुणी आजारी पडला तर जादा माणूस त्याचे डबे उचलतो. शिकण्यासारखं हे आहे, पण स्लाइडवर ते कधी दिसत नाही.)

आता ऑपरेशन थिएटर घ्या. पोट उघडल्यावर स्कॅनमध्ये न दिसलेलं काही सापडलं. पुढे जायचं की आवरतं घ्यायचं, हे सर्जन एकटा ठरवू शकत नाही. भूलतज्ज्ञ रक्तदाब काय सांगतो त्यावर ते अवलंबून. सर्जन आणखी किती वेळ घेणार, त्यावर भूलतज्ज्ञाचं पुढचं गणित. एकाला आत्ता कळलेली गोष्ट दुसऱ्याचा निर्णय फिरवते, तेव्हा ते सहकार्य. समन्वयात असं फिरणं म्हणजे घोळ. इथे तेच काम आहे. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेसाठीच्या १९ मुद्द्यांच्या यादीत, छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा मुद्दा आहे. वरवर पोरकट वाटतो. पण एकदा तोंड उघडलेली नर्स पुढे ‘सर, थांबा’ म्हणायला कमी कचरते.

विश्वास, वेळ पाळणं, नीट बोलणं दोन्हीकडे लागतंच. त्यावर वेगळं काय लिहायचं?

ऑफिसात मात्र औषधांची अदलाबदल होते. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हरवते, तर रोज सकाळी पंधरा जणांची मीटिंग लावतात. तिथे मीटिंग कशाला? काम कुणाकडून कुणाकडे, कधी आणि कोणत्या अवस्थेत जाणार, एवढं एका कागदावर लिहा. उलट, डिझाइनवाले आणि विक्रीवाले एकमेकांचं गृहीतक न तपासता महिनाभर राबतात, तेव्हा हाती देतात एक्सेलचा ट्रॅकर. सगळे रकाने हिरवे, वस्तू कुणालाच नको असलेली. लोणावळ्याच्या रिसॉर्टवरच्या रस्सीखेचीने यातलं काहीच सुटत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी खांदे दुखतात.

सहकार्य शिकवायचंच असेल तर मसुदा अर्धा असतानाच दुसऱ्या विभागाला दाखवायची सवय लावा. ‘हे कुठे फसेल?’ हा प्रश्न मीटिंगमध्ये नव्या माणसाला आधी विचारा, साहेबांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि ज्याला अडचण दिसली होती तो ती चहाच्या टपरीवर सांगतो.